सर्व्हे वाईट आला: जुनी मोटरबोट घ्यायची की सोडायची?

जुन्या मोटरबोटीचा सर्व्हे, म्हणजे खरेदीआधी तज्ज्ञाने केलेली तपासणी, कधीच स्वच्छ येत नाही. वीस वर्षांच्या बोटीवर पन्नास नोंदी निघाल्या तर दचकण्याचे कारण नाही. आठ-दहाच निघाल्या तर मात्र सर्व्हेअरने फळ्या उचलून खाली डोके घातले होते का, हे विचारावे. रिपोर्ट जाड आहे की पातळ, यावर काहीच ठरत नाही. ठरते ते एका प्रश्नावर: सापडलेल्या दोषाचा तळ दिसतो का? टर्बो गेला आहे, नवा बसवायला अमुक खर्च, विषय संपला. दोष महाग आहे, पण त्याचा तळ दिसतो. 'ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या) खालच्या भागात ओलावा जास्त' ही मात्र एका ओळीची नोंद. तिच्यामागे काहीच नसेल, किंवा बोटीचा मागचा अर्धा भाग आतून कुजलेला असेल. पहिल्या प्रकारच्या दोषाचे पैसे मोजून भाव करता येतो. दुसऱ्याचा तळ आधी शोधावा लागतो, आणि मालक तो शोधू देत नसेल तर बोट सोडावी लागते. खालचे सगळे टप्पे या एकाच कामासाठी आहेत.

आधी करार उघडा, मग रिपोर्ट

विसार देऊन केलेल्या करारात बहुधा 'सर्व्हे आणि पाण्यातली चाचणी समाधानकारक झाल्यास' अशी अट असते. त्यात तीन गोष्टी शोधा: नकार किंवा नवा भाव कळवण्याची शेवटची तारीख, कळवण्याची पद्धत, आणि कोणत्या कारणावर माघार घेता येते. काही करारांत खरेदीदाराचे समाधान झाले नाही एवढे पुरते. काहींत दोष 'गंभीर' असावा लागतो, किंवा दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ठरावीक टक्क्यांहून जास्त असावा लागतो. मुदत उलटली आणि तुम्ही गप्प राहिलात, तर बऱ्याच करारांत बोट आहे त्या स्थितीत स्वीकारली असे धरले जाते.

पुढच्या तपासण्यांना आठवडाभर तरी जातो. त्यामुळे रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी लेखी मुदतवाढ मागा आणि तिच्यावर दोघांच्या सह्या घ्या. 'हो हो, घ्या वेळ' असे तोंडी आश्वासन कामाचे नाही. दलाल कितीही चांगला माणूस असला तरी त्याचे कमिशन विक्री झाल्यावरच मिळते, हे ध्यानात ठेवून 'बोट आम्हाला आवडलीच आहे' असली वाक्ये त्याच्यासमोर टाळा. रिपोर्टचे पैसे तुम्ही भरलेत, रिपोर्ट तुमचा आहे. वाटाघाटीत लागतील तेवढीच पाने समोरच्याला द्या.

रिपोर्ट कसा वाचायचा

पहिल्या वाचनात दोष शोधू नका. काय तपासलेच गेले नाही ते शोधा. 'पोहोचता आले नाही', 'आवरणामागचा भाग पाहिला नाही', 'इंजिन या सर्व्हेच्या कक्षेत नाही', 'अधिक तपासणीची शिफारस' अशा प्रत्येक ओळीखाली रेघ ओढा. सर्व्हेअर भोके पाडत नाही आणि कायमची बसवलेली पॅनेल काढत नाही, कारण बोट अजून दुसऱ्याची असते. इंधनाच्या टाकीचे बूड, टाकीखालचे स्ट्रिंगर (बुडाला ताठ ठेवणारे लांब पट्टे), आतल्या साच्यामागचा हल (बोटीचे बाहेरचे कवच) या जागा जवळजवळ नेहमीच न पाहिलेल्या राहतात. महागडी आश्चर्ये तिथूनच निघतात.

दुसऱ्या वाचनात प्रत्येक नोंद चारपैकी एका गटात टाका: जिवाला धोका, बांधा, यंत्र, आणि वय किंवा दिसणे. बहुतेक सर्व्हेअर स्वतःच नोंदींना तातडीनुसार श्रेणी देतात, पण तातडी आणि खर्च यांची गल्लत करू नका. तडकलेला पेट्रोलचा पाइप सर्वांत तातडीचा, कारण त्याने बोट पेटू शकते. पण तो अर्ध्या दिवसाचे काम आहे. उलट 'डेकच्या गाभ्यात (डेकच्या दोन कातड्यांमधल्या भरणात) ओलावा, लक्ष ठेवावे' ही नोंद तातडीच्या यादीत तळाला असते, आणि खर्चाच्या यादीत कधीकधी पहिली.

मग सर्व्हेअरला फोन करा. कागदावर तो जपून लिहितो, कारण त्यावर त्याची जबाबदारी असते. बोलताना जास्त सांगतो. 'घेऊ का?' असे विचारू नका, त्याचे उत्तर तो देणार नाही आणि देऊही नये. हे विचारा:

- यातली कोणती कामे झाल्याशिवाय तुम्ही स्वतः ही बोट पाण्यात नेणार नाही?
- ओलाव्याची मापे कुठे कुठे घेतली, आणि बोट पाण्याबाहेर काढून तेव्हा किती वेळ झाला होता?
- जिथे पोहोचता आले नाही, त्यातल्या कुठल्या जागेबद्दल शंका वाटते आणि कशावरून?
- या मॉडेलमध्ये हे दोष नेहमी दिसतात की याच बोटीत?
- एकच आणखी तपासणी करायची झाली तर कोणती करू?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवा. बहुतेक वेळा निर्णय तिथेच अडलेला असतो.

ओलावा: मीटर काय सांगतो आणि काय नाही

फायबरग्लासच्या बोटींच्या वाईट सर्व्हेंमध्ये सर्वांत जास्त गोंधळ ओलाव्याच्या आकड्यांवरून होतो. मीटर लॅमिनेटमधले, म्हणजे फायबरग्लासच्या एकजीव केलेल्या थरांतले, पाणी मोजत नाही. तो पृष्ठभागाखालच्या थराचे विद्युत गुणधर्म मोजतो आणि त्यावरून अंदाज देतो. त्यावरचा २० किंवा २५ हा आकडा म्हणजे वजनाचे टक्के नव्हेत. आत धातूची टाकी असली, बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) पाणी साचले असले, बुडाला तांबेयुक्त रंग असला, तरी आकडा वर जातो. त्याच सकाळी क्रेनने वर काढलेली बोट जास्तच ओलावा दाखवणार.

म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नाही, तुलनेला आहे. त्याच हलच्या पाण्यावर राहणाऱ्या भागाचे माप, डाव्या-उजव्या बाजूंची समोरासमोरची मापे, आणि एका जागेवरून शेजारच्या जागेवर सरकताना आकडा कुठे एकदम उडी घेतो ते पाहा. त्यासोबत हातोडीची चाचणी: प्लॅस्टिकच्या डोक्याच्या छोट्या हातोडीने ठोकत गेले की घट्ट लॅमिनेट टणक आवाज देते, सुटलेले किंवा आतून ओले असलेले भद्द वाजते. जास्त आकडा, भद्द आवाज आणि स्क्रूच्या भोकातून गळणारे तपकिरी पाणी हे तिन्ही एकाच जागी आले, तर तिथे कूज आहे असे धरून चाला. नुसता आकडा जास्त असेल तर तो अजून प्रश्नच आहे.

बुडाच्या फोडांना, म्हणजे ऑस्मोसिसला, लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात. जेलकोटमधून, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरातून, झिरपलेले पाणी आत राहिलेली रसायने विरघळवते, तो द्राव आणखी पाणी ओढतो, दाब वाढतो आणि फोड येतो. फोड फोडल्यावर चिकट, व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारा द्राव निघतो. (फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा, चिळकांडी जोरात उडते.) विखुरलेले छोटे फोड एकेक घासून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून इपॉक्सीने भरता येतात. फोड हजारोंनी असतील किंवा जेलकोटच्या खाली काचेच्या थरांपर्यंत गेले असतील, तर सगळा जेलकोट सोलून, पुन्हा पुन्हा धुऊन, काही आठवडे ते काही महिने वाळवून, मग इपॉक्सीचे अनेक थर द्यावे लागतात. हे काम महाग आहे, लांबते, आणि तेवढे दिवस यार्डाचे भाडेही चालू राहते. पण ऑस्मोसिसने बोट बुडाल्याची उदाहरणे विरळा, आणि कामाचे कोटेशन आधी मिळते. म्हणजे तळ दिसतो. भाव करा.

ट्रान्सम आणि स्ट्रिंगर

थांबून पाहायची जागा ही. आउटबोर्ड (मागे बाहेर टांगलेले इंजिन) किंवा स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, गिअर आणि प्रोपेलर मागे बाहेर) असलेल्या बोटीत इंजिनचा सगळा जोर मागच्या उभ्या भिंतीवर, म्हणजे ट्रान्समवर येतो. अनेक जुन्या बोटींत ही भिंत म्हणजे फायबरग्लासच्या दोन पातळ कातड्यांमध्ये दाबलेले प्लायवूड. शिडीचे, ट्रान्सड्यूसरचे, निचऱ्याच्या बुचाचे एखादे भोक नीट सील न करता पाडले की पाणी प्लायवूडमध्ये शिरते. बाहेरून चकचकीत, आतून लगदा.

तपासणी सोप्यापासून अवघडाकडे न्या.

आउटबोर्ड अर्धवट उचलून त्याच्या खालच्या टोकाला धरून वर-खाली रेटा आणि दुसऱ्याला ट्रान्समच्या वरच्या कडेकडे पाहायला सांगा. कड हलता कामा नये. कोपऱ्यांतल्या केसासारख्या भेगा, बोल्टखालून उतरलेले गंजाचे ओघळ, वॉशरभोवती खचलेले फायबरग्लास यांचे फोटो घ्या.

मग मालकाच्या परवानगीने ट्रान्समच्या खालच्या भागातला एखादा स्क्रू काढा. भोकातून पाणी झिरपले किंवा स्क्रूच्या आट्यांत काळा भुगा आला, तर उत्तराचा अर्धा भाग मिळाला.

उरलेला अर्धा ड्रिलने मिळतो. ४ ते ५ मिमीचा बिट घ्या आणि बाहेरच्या कातडीपर्यंत पोहोचणार नाही अशा खोलीवर त्याला चिकटपट्टी गुंडाळा. बोटीच्या आतल्या बाजूने सहा ते आठ भोके पाडा: दोन्ही खालच्या कोपऱ्यांत, निचऱ्याच्या भोकाजवळ, इंजिनच्या बोल्टांजवळ, स्टर्नड्राइव्हच्या खाचेच्या खालच्या कडेला. फिकट, कोरडा भुसा आला तर लाकूड ठीक. गडद, ओला, कुबट वासाचा भुसा आला किंवा बिट कातडीनंतर अलगद आत घुसला, तर गाभा गेला. प्रत्येक भोकाचा निकाल एका रेखाचित्रावर मांडा. कूज किती पसरली आहे त्याचा नकाशाच तयार होतो. काम झाले की भोके इपॉक्सीने बंद करायची. याला मालकाची लेखी परवानगी हवी आणि 'विक्री झाली नाही तर भोके बुजवून देऊ' हेही त्यातच लिहावे.

स्ट्रिंगर म्हणजे बुडाला लांबीने ताठ ठेवणारे पट्टे. त्यांच्या आतही बऱ्याचदा लाकूड असते, आणि इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत) किंवा स्टर्नड्राइव्ह बोटीत इंजिनाचे पाय त्यांवरच बसवलेले असतात. पायांचे लाकडात शिरलेले स्क्रू-बोल्ट पान्याने हलकेच आवळून पाहा. न थांबता फिरत राहिले तर खाली पकडायला लाकूड उरलेले नाही. मागे ट्रान्समला भिडणाऱ्या टोकांत वरच्यासारखीच भोके पाडून तपासा. ट्रान्सम कुजला की ती टोकेही बऱ्याचदा कुजलेली असतात, म्हणून नुसत्या ट्रान्समच्या दुरुस्तीचे कोटेशन अपुरे असते.

दुरुस्ती म्हणजे इंजिन उतरवणे, आतली किंवा बाहेरची कातडी कापणे, कुजके प्लायवूड खरवडून काढणे, मरीन प्लायचे नवे थर इपॉक्सीत बसवणे आणि कडा फायबरग्लासने हलला पुन्हा बांधणे. 'भोके पाडून पातळ इपॉक्सी ओतू, दगड होईल' असे कोणी सांगितले तर ऐकून सोडून द्या. ओल्या लाकडात इपॉक्सी सारखी शिरत नाही; वरचा थर कडक होतो आणि आत कूज चालूच राहते.

डेकच्या गाभ्याचे तत्त्व हेच, पण तिथे इंजिनाचा जोर नसतो. कठड्याच्या खांबांभोवती, क्लीटखाली (दोर बांधायच्या खुंट्यांखाली) आणि खिडक्यांच्या कडांना पाय दाबून पाहा. हातभर जागा मऊ असेल तर ती मोजून भाव करता येतो. अख्खा डेक पायाखाली दबत असेल तर फार मोठी कापाकापी समोर आहे.

इंजिन

हलचा सर्व्हेअर इंजिनाबद्दल बहुधा 'चालू झाले, आवाज सामान्य' एवढेच लिहितो. वाईट सर्व्हेनंतर त्या इंजिनाची माहिती असलेला वेगळा मेकॅनिक आणाच. दोन इंजिने असतील तर दोन्ही तपासा आणि एकमेकांशी ताडून पाहा. सारख्याच वयाच्या जोडीतला फरक बोलका असतो.

सुरुवात थंड इंजिनाने. पोहोचल्यावर आधी ब्लॉकला हात लावा. तो कोमट लागला तर कोणीतरी आधीच चालू करून ठेवले आहे, आणि थंड असताना ते काय करते हे तुमच्यापासून लपले आहे; दुसऱ्या दिवशी या. सुरू होताना थोडा पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर न जळलेले डिझेल किंवा सिलिंडरमध्ये येणारे पाणी, निळा म्हणजे तेल जळते आहे, काळा म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी, किंवा इंजिनावर झेपण्यापलीकडे भार.

पाण्यातल्या चाचणीत पूर्ण थ्रॉटलवर इंजिन निर्मात्याने दिलेल्या दर मिनिटाच्या कमाल फेऱ्यांपर्यंत पोहोचते का ते पाहा. हा एक आकडा बरेच काही सांगतो. ३,६०० ला जायला हवे ते ३,२०० वर अडकले, तर आधी स्वस्त कारणे तपासा: बुडावर आणि प्रोपेलरवर जमलेले शेवाळ-शिंपले, तुंबलेले फिल्टर, गरजेपेक्षा मोठ्या पिचचा (पात्यांचा तिरकेपणा जास्त असलेला) प्रोपेलर. बूड साफ करून पुन्हा चाचणी घ्या. तरीही फेऱ्या कमी भरल्या तर टर्बो, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे वळा. पूर्ण जोरावर काही मिनिटे चालवताना तापमानाचा काटा एका जागी थांबला पाहिजे. हळूहळू चढतच राहिला तर हीट एक्सचेंजर (समुद्राच्या पाण्याने इंजिन थंड करणारा भाग) तुंबला आहे, किंवा समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपाचा इम्पेलर (फिरते पाते) संपला आहे. इम्पेलर बदलणे सोपे आहे. तुटलेल्या इम्पेलरचे तुकडे पुढच्या नळ्यांत अडकले असतील तर मात्र ते शोधत बसावे लागते.

कॉम्प्रेशनची चाचणी सर्व सिलिंडरांवर घ्या. पेट्रोल इंजिनात साधारण ८ ते १२ बार, डिझेलमध्ये २० बारच्या वर. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा. आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे सिलिंडरांमधला फरक: १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. पेट्रोल इंजिनात एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत; नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलमध्ये हा प्रयोग करू नका, तिथे पिस्टनवर जागा इतकी कमी असते की तेलानेच नुकसान होऊ शकते.

तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा तर आधी विचारा, हे तेल किती तास चालले आहे. कालच बदललेले तेल काहीच सांगत नाही. वापरलेल्या तेलात सोडियम आणि पोटॅशियम एकत्र वाढलेले दिसले तर कूलंट किंवा खारे पाणी आत येत असल्याचा संशय घ्यावा. लोखंड, तांबे आणि शिसे झीज दाखवतात. सिलिकॉन धूळ दाखवू शकते.

खाऱ्या पाण्यात चाललेल्या पेट्रोल इनबोर्डमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे, पाण्याने थंड राहणारे भाग) कधी बदलले याची पावती मागा. ते आतून गंजतात, पाच-सात वर्षांत संपू शकतात, आणि भोक पडले की थंड करणारे पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरते. पावती नसेल तर एक रायझर उघडून पाहणे फायद्याचे.

स्टर्नड्राइव्हमध्ये गिअरचे तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. रबरी बेलोज (ड्राइव्ह आणि ट्रान्सम यांमधल्या जोडावरची घड्यांची आवरणे) ताणून घड्यांच्या आत भेगा पाहा; ते फाटले तर बंदरात उभी असलेली बोटही बुडू शकते. सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण वळवताना गुरगुर आली तर गिम्बल बेअरिंग (ट्रान्सममधून जाणारा शाफ्ट ज्यावर फिरतो ते) गेले आहे. ही कामे ठरावीक आहेत, कोटेशन लगेच मिळते.

मीटरवरचे कमी तास पाहून खूश होऊ नका. पंचवीस वर्षांत तीनशे तास म्हणजे बराचसा काळ न चालता गंजत उभे राहिलेले इंजिन. नियमित चाललेले आणि पावत्या असलेले दोन हजार तासांचे डिझेल त्यापेक्षा बरे.

उरलेले पटकन

इंधनाची ॲल्युमिनियमची टाकी फोममध्ये गाडलेली असेल तर तिच्या बुडाचे काय झाले ते डोळ्यांनी दिसत नाही, आणि बदलायची तर डेक कापावा लागतो. हा तळ न दिसणारा दोष. माहीतगाराकडून कमी दाबाची, ०.२ बारच्या आसपासची, चाचणी करून घ्या. जास्त हवा भरली तर टाकी फुगून फाटते, म्हणून हे घरचे काम नव्हे.

पाण्याखालचे सीकॉक (हलमधल्या भोकांवरचे बंद करायचे नळ) पितळेचे असतील तर खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त निघून जाते आणि गुलाबीसर, ठिसूळ तांबे मागे उरते. खरवडून रंग पाहा. न फिरणारा सीकॉक दोष म्हणूनच मोजा. वायरींच्या टोकांची तार काळी पडली असेल, घरगुती जोडण्या दिसत असतील, तर त्या भागाचे वायरिंग नव्याने करायचे धरून चाला. बिल्जचे पाणी कधीकाळी वायरींच्या वरपर्यंत चढल्याची रेघ दिसली तर अख्खेच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती तळाशी साचते. सिलिंडरच्या कप्प्याचा निचरा बोटीच्या बाहेर उघडतो का एवढे तपासा.

आकडेमोड

प्रत्येक मोठ्या दोषाचे लेखी कोटेशन घ्या, शक्य तर दोन ठिकाणांहून. त्यावर राखीव रक्कम चढवा: तळ दिसणाऱ्या कामांवर १० टक्के, उघडल्यावर वाढू शकणाऱ्या कामांवर ५० टक्के. वर-खाली करण्याचा क्रेनचा खर्च आणि जागेचे भाडे वेगळे लिहा.

समजा हीच बोट चांगल्या स्थितीत १०० ला (हजार धरा की लाख, प्रमाण महत्त्वाचे) विकली जाते आणि मालक ८५ मागतो. ट्रान्समचे कोटेशन १८, राखीव धरून २७. एक्झॉस्ट आणि बेलोज ६, धरा ६.६. सीकॉक, पाइप, वायरिंग ४, धरा ४.४. क्रेन आणि भाडे ३. एकूण ४१. म्हणजे तुमची कमाल मर्यादा ५९, आणि हंगाम वाया जाणार त्याचे काही वजा केले तर पहिला प्रस्ताव ५० च्या आसपास. ८५ वरून मालक इतका खाली येणार नाही. पण ड्रिलने ट्रान्सम कोरडा निघाला, तर वजावट फक्त १४ उरते, मर्यादा ८६ होते, आणि मागितलेली किंमत वाजवी ठरते. एवढा मोठा फरक त्या सहा-आठ भोकांवर अवलंबून आहे. ती भोके न पाडता '७० ला तोडून टाकू' असा मधला भाव काढणे सर्वांत वाईट: ट्रान्सम कोरडा असेल तर मालक चांगली बोट ७० ला देणार नाही, कुजका असेल तर तुम्ही ११ जास्त मोजलेत.

पहिल्याच भेटीत दिसलेल्या गोष्टी, म्हणजे विटलेल्या गाद्या, उतरलेली चमक, जुना रडार, या वजावटीत घुसडू नका. त्या भावात आधीच धरलेल्या असतात, आणि त्यांनी तुमची खरी मागणी हलकी होते. झिजणारा भाग नवा बसवला तर त्याचा अर्धा फायदा तुमचाच, हा मालकाचा युक्तिवादही रास्त आहे.

सर्व्हे, क्रेन आणि मेकॅनिकवर गेलेले पैसे या गणितात धरायचे नाहीत. ते बोट घेतली तरी गेले, सोडली तरी गेले.

मालकाशी बोलणे

चाळीस नोंदींची यादी पाठवली की मालक बिथरतो. पाच ते सात नोंदी निवडा, प्रत्येकीसोबत फोटो, रिपोर्टमधली ओळ आणि कोटेशन जोडा, शेवटी नवा भाव आणि उत्तराची तारीख लिहा.

भाव कमी करून काम स्वतः करून घेणे सर्वांत चांगले. मालकाला दुरुस्त करू दिले तर तो बोट विकण्यापुरती दुरुस्ती करेल, आणि बांध्याच्या कामात आतले नंतर दिसत नाही. यंत्राचे एखादे काम त्याने केले तर चालेल, पण त्याच मेकॅनिककडून पुन्हा चाचणी आणि तिचा खर्च त्याचा, हे लिहून घ्या. तिसरा मार्ग म्हणजे काही रक्कम तिसऱ्याच्या खात्यात अडकवून ठेवणे. ती कोटेशनच्या दीडपट असावी आणि केव्हा कोणाला सुटेल ते करारात स्पष्ट असावे.

सौदा पक्का करण्याआधी रिपोर्ट विमा कंपनीला दाखवा. सुरक्षिततेच्या नोंदी पूर्ण होईपर्यंत विमा लागू होणार नाही अशी अट येऊ शकते, आणि मग बोट दुरुस्तीच्या यार्डापर्यंत न्यायचा प्रवासही विम्याबाहेर राहतो. तो प्रवास धरला आहे का, हे लेखी विचारा. बोटीवर कर्ज किंवा यार्डाची थकबाकी असेल तर बऱ्याच ठिकाणी ती बोटीसोबतच नव्या मालकाकडे येते. हलवर कोरलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक अक्षर अक्षर जुळवा.

सोडायची तेव्हा

तळ न दिसणाऱ्या दोषाच्या तपासणीला मालकाने नकार दिला. ट्रान्सम, स्ट्रिंगर आणि डेक यांपैकी दोन ठिकाणी कूज निघाली. आपटून मोडलेल्या बुडाची झाकपाक केलेली दिसली. बोट पूर्वी बुडाली होती आणि हे तुम्हाला सांगितले नव्हते. विमा मिळत नाही. किंवा दुरुस्तीची बेरीज चांगल्या बोटीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली. यांपैकी एकही पुरे.

नकार मुदतीच्या आत, करारातल्या पद्धतीने पाठवा. कारणे थोडक्यात, भांडण नको. विसार परत मागा, भोके बुजवल्याचे आणि बोट होती त्या जागी परत ठेवल्याचे फोटो सोबत जोडा.

घेतली तर कामांचा क्रम

बोट जमिनीवर असतानाच सीकॉक आणि पाण्याखालचे पाइप बदला. पण त्याही आधी, पहिल्याच दिवशी, ओले भाग उघडा: ट्रान्समची कातडी कापा, डेकमधले स्क्रू काढा, बिल्जचे बूच उघडे ठेवा. वाळायला लागणारा वेळ पैशाने विकत मिळत नाही, आणि बाकीची कामे त्या वेळात होऊन जातात. इंजिन ट्रान्समसाठी बाहेर निघणारच असेल तर मॅनिफोल्ड, इंजिनाचे पाय, टाकीची चाचणी आणि त्याच्यामागचे वायरिंग त्याच वेळी करून घ्या. पुन्हा इंजिन काढण्याची मजुरी वाचते. दर आठवड्याला त्याच ठरलेल्या ठिकाणी मीटर लावून तारखेसह आकडे लिहा. लागोपाठ तीन आठवडे आकडे खाली यायचे थांबले आणि हलच्या वरच्या कोरड्या भागाशी जुळले, की मगच नवे प्लायवूड आत जाईल.